किती जण?



हॉटेलात शिरताना पहिला प्रश्न खाण्यापिण्याचा नसतो. दारावर वही घेऊन उभा असलेला माणूस विचारतो, "किती जण?" रविवारची रात्र असते, बाकावर दोन-तीन कुटुंबे आधीच ताटकळत असतात आणि आपण पटकन आकडा सांगून मोकळे होतो. "पाच जण, आणि एक बेबी चेअर." या आकड्याविषयी आज थोडा विचार करावा असे आम्ही ठरवले आहे. कारण काही कुटुंबांत हा आकडा सांगताना एक माणूस मोजायचे राहून जाते, आणि ते नेहमीच विसरल्यामुळे होते असे नाही.

कोण ते आपल्या लक्षात आले असेलच. बाळाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या मागून येणारी मुलगी. आई नर्स, बाबा खाजगी कंपनीत, दोघांच्याही ड्युट्या, आजी गावी. बाळाला सांभाळायला कोणीतरी हवेच. ती झारखंडातल्या गुमला-सिमडेगाकडची असते, नाहीतर तलासरी-डहाणूकडची, नाहीतर आपल्याच गावची, लांबच्या नात्यातली. मुले तिला दीदी किंवा ताई म्हणतात. हॉटेलात ती बेबी चेअरला लागून, टेबलाच्या कोपऱ्यावर बसते. खुर्ची कमी पडली तर उभी राहते. बाळाला भात भरवते, त्याने फेकलेला चमचा उचलते, ते रडायला लागले की त्याला घेऊन बाहेर जाते आणि रस्त्यावरच्या गाड्या दाखवते. आपली जेवणे उरकतात, बडीशेप येते, आणि तेव्हा कोणाला तरी आठवते. "अरे, हिचे काय?" मग उरलेल्या बिर्याणीचे पार्सल बांधले जाते.

सगळीकडे असे होते असे आम्ही म्हणत नाही. तिला मध्ये बसवून, तिला काय हवे ते विचारून मागवणारी कुटुंबेही या धर्मग्रामात आहेत. आणि कोणी म्हणेल, फादर, आपला धर्मग्राम म्हणजे काही पाली हिल नव्हे, इथे किती घरांत कामाला माणूस आहे? खरे आहे. पण मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चाळी गेल्या, टॉवर आले आणि ज्यांच्या आया दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत होत्या त्यांच्या मुलांच्या घरी आज पोळ्यांना बाई येते. शिवाय याच प्रश्नाची दुसरी बाजूही आपल्याच बाकांवर बसलेली आहे. आपल्यातल्या कितीतरी भगिनी पवईच्या मोठ्या इमारतींत मुले सांभाळतात आणि रविवारी संध्याकाळी कोणाच्या तरी बाबागाडीमागे मोठ्या हॉटेलात उभ्या असतात. म्हणजे आज आम्ही जे लिहितो आहोत ते वाचणाऱ्यांपैकी काही टेबलावर बसणारे आहेत आणि काही टेबलाशेजारी उभे राहणारे. दोघेही सकाळी एकाच मिस्साला येतात.

आता सरळ प्रश्न. यात वाईट काय आहे? मुलीला पगार वेळेवर मिळतो. कोणी तिला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. पार्सल तर पार्सल, तेच चिकन आहे. कायदा मोडलेला नाही. मग हा नीतीचा प्रश्न आहे की नुसता रीतीभातीचा, म्हणजे काटा कोणत्या हातात धरावा अशा जातीचा?

उत्तर शोधण्यासाठी आधी हे पाहू की आपण हॉटेलात जातो तरी कशासाठी. मराठीत 'हॉटेल' म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे, खाण्याची जागा. आपल्या आजोबांच्या काळात ती कुटुंबाची जागा नव्हती. मुंबईत एकट्याने आलेला गिरणीकामगार खानावळीत जेवायचा, कारण बायको गावी होती. त्या खानावळी बहुतेक बायाच चालवत; त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. इराण्याकडे चहा-ब्रून खाणारे पुरुष. उडुप्याकडे डोसा खाणारे पुन्हा बहुतेक पुरुषच. बायका-मुलांना घेऊन कोणी आलेच तर त्यांच्यासाठी पडदा लावलेली वेगळी जागा असे आणि वर पाटी, 'फॅमिली रूम'. ती पाटी काही जुन्या हॉटेलांत नंतर अनेक वर्षे टिकून होती. घरात हातीपायी धड आई असताना बाहेर जेवायला जायचे, ही गोष्ट आपल्या लोकांत दोन पिढ्यांपूर्वी उधळपट्टी समजली जाई.

मग ती का रुजली? पैसे आले हे एक कारण. पण कोणत्याही घरात विचारा, बाहेर जायचा बेत ठरतो तेव्हा पहिले वाक्य काय असते. "आज आईला सुट्टी." वर्षाचे तीनशे दिवस जी वाढते, शेवटी जेवते, कमी पडले तर लोणच्याशी भागवते, तिला त्या दिवशी कोणीतरी वाढते. तिला विचारले जाते, तुला काय हवे? पहिल्यांदा ती म्हणते, काहीही चालेल. दुसऱ्यांदा विचारल्यावर हळूच सांगते. आम्हाला तर वाटते हॉटेलातल्या जेवणाचा खरा आनंद याच क्षणात असतो, पनीर टिक्क्यात नव्हे. रोज सेवा करणाऱ्या माणसाची त्या दिवशी सेवा होते.

म्हणून हॉटेलात जाण्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. घरचे साधे बरे, असा उपदेश करणारे स्वतः स्वयंपाकघरात किती वेळ असतात ते आधी पाहावे. उलट आम्ही म्हणतो, पहिल्या कम्युनियनला, लग्नाच्या वाढदिवसाला, दहावीच्या निकालाला जरूर जा. पण आपण ज्यासाठी गेलो तो हेतू त्या टेबलावर एका व्यक्तीपुरता उलटा होतो, एवढेच लक्षात घ्या. आईला सुट्टी मिळते, कारण त्या वेळी दुसऱ्या एका बाईची दुप्पट ड्युटी लागते. घरात निदान बाळ झोपल्यावर ती टेकू शकते. हॉटेलात तेही नाही.

इथे आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाने एक गोष्ट विसरू नये. आपल्यापैकी पुष्कळ घराणी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, जालन्याकडून, नाशिककडून इथे आली. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आजही या उपनगरांतून माणसे जातात. त्यांच्या पणजोबांना गावच्या हॉटेलात काय मिळत असे? चहा मिळे, पण आत बसून नव्हे. कप वेगळा, बहुधा कान तुटलेला, भिंतीतल्या खोबणीत ठेवलेला. तो स्वतःच घ्यायचा, चहा वरून ओतला जाई, पिऊन झाल्यावर स्वतःच धुऊन परत तिथे ठेवायचा. पैसे मात्र इतरांइतकेच. चहाही त्याच पातेल्यातला. कोणी म्हणाले असते, तोच चहा तर आहे, मग तक्रार कसली? तक्रार चहाची नव्हतीच.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जाण्यास आडकाठी करता येणार नाही असे म्हटले आहे. राज्यघटनेसारख्या गंभीर ग्रंथात उपाहारगृहाचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला, यावरून त्या कान तुटलेल्या कपाचे वजन कळते. पुढे १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला, त्यात हॉटेलातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला गेला. पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलेल्या माणसांना आत बसण्याचा हक्क असा मिळाला. आज आपण एसीत बसून मेनूकार्ड चाळतो ते या हक्कावर.

घरकामाच्या मुलीला कोपऱ्यात बसवणे म्हणजे अस्पृश्यता, असे आम्ही म्हणणार नाही. ते खरे नाही आणि त्या जुन्या दुःखाचा त्यात अपमान होईल. ती त्याच बाळाला छातीशी धरते, त्याच ताटातून भरवते. पण दोन्हींत एक धागा समान आहे. अन्न तेच, जागा वेगळी, आणि जागेचे कारण माणसाने केलेले काही नसून माणूस 'कोण' आहे हे असते. जून २०१७ मध्ये दिल्लीच्या गोल्फ क्लबमध्ये असे घडले की, पाहुणी म्हणून जेवायला आलेल्या मेघालयातील एका स्त्रीला उठून जायला सांगण्यात आले, कारण तिच्या पारंपरिक खासी वेशात ती मोलकरणीसारखी दिसते असे तिथल्या लोकांना वाटले. वर्तमानपत्रांतून मोठा गहजब झाला. पण गहजब कशाचा झाला ते पाहा. पाहुणीला मोलकरीण समजले, याचा. ती खरोखरच मोलकरीण असती तर? तर बातमी झाली नसती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला कांट पढवला गेला. त्याचे एक सूत्र आपल्यापैकी शिकलेल्यांनी ऐकले असेल. १७८५ सालच्या ग्रंथात त्याने मांडले की, कोणत्याही माणसाला, स्वतःलासुद्धा, केवळ साधन म्हणून वापरू नये. प्रत्येक माणूस हा स्वतःच एक साध्य आहे. हे सूत्र ऐकायला सोपे, वापरायला अवघड. कारण आपण रोज एकमेकांना साधन म्हणून वापरतोच. रिक्षावाला आपले साधन, आपण रिक्षावाल्याच्या मिळकतीचे साधन. कांटलाही हे ठाऊक होते, म्हणून त्याने 'केवळ' हा शब्द घातला. सगळा प्रश्न त्या एका शब्दात आहे. माणूस केव्हा 'केवळ' साधन होतो?

गंमत अशी की कांटचे जेवणाचे टेबल प्रसिद्ध होते. तत्त्वज्ञाने एकट्याने जेवू नये, ते प्रकृतीला वाईट, असे त्याचे ठाम मत होते. दुपारी पाहुणे यायचे, तीनपेक्षा कमी नाहीत, नवापेक्षा जास्त नाहीत, आणि तासन्‌तास गप्पा चालत. त्या टेबलामागे मार्टिन लाम्पे नावाचा नोकर उभा असे. पूर्वी सैन्यात असलेला माणूस. सुमारे चाळीस वर्षे तो कांटला पहाटे पाच वाजता उठवत होता. १८०२ साली कांटने त्याला कामावरून काढले. पेन्शन दिली, हे खरे. आणि नंतर स्वतःसाठी एक टिपण लिहून ठेवले की लाम्पे हे नाव आता पूर्ण विसरायचे. विसरायची आठवण लिहून ठेवावी लागली! माणूस केवळ साधन असता तर जुन्या बुटासारखा विसरला गेला असता. हा किस्सा वर्गात सांगितला की मुले हसायची. आम्हाला तो पुढे गंभीर वाटू लागला. ज्याने ते सूत्र शोधले त्याच्याही टेबलाजवळ एक माणूस उभा होता, आणि चाळीस वर्षांत त्या तीन ते नऊ पाहुण्यांच्या हिशोबात तो कधी धरला गेला नाही.

कांटने नोकर ठेवला हे चुकले, असे आम्हाला म्हणायचे नाही. कोणीतरी वाढणार, कोणीतरी जेवणार. सेवेत कमीपणा नाही. हॉटेलातला वेटरही उभाच असतो, पण तो त्याच्या जागी, त्याच्या कामाच्या वेळेत असतो. आत त्याचे जेवण, त्याची पाळी, त्याचे सोबती असतात. आपण त्याला आपल्या कुटुंबासोबत 'बाहेर जेवायला' आणलेले नसते. मुलीला आपण आणलेले असते. तेव्हा 'केवळ' या शब्दाची परीक्षा कुठे होते, तर आमच्या मते मेनूकार्डापाशी. जेवायला घालणे वेगळे आणि काय जेवशील हे विचारणे वेगळे. घालणे कुत्र्या-मांजरालाही होते. विचारणे फक्त माणसाला होते, कारण ज्याला स्वतःची आवड-निवड आहे असे आपण मानतो त्यालाच आपण विचारतो. चार वर्षांच्या मुलालासुद्धा आपण विचारतो, नूडल्स की पराठा? त्याने चुकीचे मागवले तरी हसून घेतो. आणि एकोणीस वर्षांच्या मुलीची आवड आपल्याला दोन वर्षांत कळलेली नसते. तिला मासे आवडतात की नाही, तिखट चालते की नाही, ती घरी सणाला काय खात असे.

आक्षेप येतील हे आम्ही जाणतो, आणि ते पोकळ नाहीत.

पैशाचा आक्षेप पहिला. तीन महिन्यांतून एकदा जाणाऱ्या कुटुंबाला आणखी एका माणसाचे तीनशे-चारशे रुपये जड वाटतात. बिलावर जीएसटी येतोच. काही ठिकाणी सेवाशुल्कही लावले जाते, ते सक्तीचे करता येत नाही असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले, तरी ते भरून येणारे पुष्कळ आहेत. हे सर्व मान्य. पण मग हिशोब सहा जणांचा धरून हॉटेल निवडावे, पाच जणांचे हॉटेल निवडून सहावा माणूस वजा करू नये. सासूबाई बरोबर आल्या म्हणून आपण त्यांना पार्सल देत नाही. स्वस्त जागा शोधतो, नाहीतर आइस्क्रीम रद्द करतो.

दुसरा आक्षेप आम्हाला जास्त ऐकू येतो. "फादर, आम्ही तिला घरच्यासारखेच वागवतो." हे प्रेमाने म्हटले जाते आणि बहुतेकदा त्यात खोटेपणा नसतो. पण मराठी भाषा फार चोख आहे. घरची ती घरची. 'घरच्यासारखी' म्हणजे घरची नव्हे. त्या 'सारखी'मध्ये एक उंबरठा आहे आणि तो कधी दिसतो, तर पाच खुर्च्यांचे टेबल मिळाल्यावर. शिवाय घरचे माणूस म्हटले की कामाचे तास मोजले जात नाहीत, आठवड्याची सुट्टी मागणे कृतघ्नपणाचे वाटते. म्हणून घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी 'आम्हाला घरची म्हणू नका, कामगार म्हणा' असा आग्रह धरला. बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या राष्ट्रीय घरकामगार चळवळीची हीच मागणी होती. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पुढे २०११ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात आठवड्यातून सलग चोवीस तासांची तरी विश्रांती हवी असे म्हटले आहे. बाहेर जेवायला जाण्याचा दिवस बहुधा रविवारच असतो, हे सहज लक्षात आणून देतो. (आणि मुलगी चौदा वर्षांखालची असेल तर मेनूकार्डाचा प्रश्नच उरत नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून घरकामाला आणि हॉटेलांत अशा मुलांना ठेवण्यास बंदी आहे. त्याआधी आपल्या टेबलावर फडका मारणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या 'बारक्या'ला आपण सगळ्यांनी पाहिले आहे, आणि कोणाच्या घशात घास अडकला नव्हता. सवय झालेली गोष्ट बरोबर असतेच असे नाही, हे त्या बारक्याने आपल्याला शिकवावे.)

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. तिलाच अवघडते. साहेब, मॅडम, साहेबांचे आईवडील, सगळ्यांच्या मध्ये बसायचे, समोर काटे-चमचे, वेटर बघतो आहे, काय धरावे कळत नाही. ती म्हणते, "मी घरी जाऊन खाईन." आणि ते मनापासून म्हणते. अशा मुलीला ओढून टेबलावर बसवले तर तिला दोन घास जाणार नाहीत. आपल्याला मात्र आपण फार मोठ्या मनाचे असल्याचे समाधान मिळेल. ते समाधानही तिच्याच खर्चाने. हा मुद्दा ऐकून आम्ही बराच विचार केला. एक तर हे की ते अवघडणे कुठून आले? सोमवार ते शनिवार घरात ती स्वयंपाकघराच्या लादीवर बसून, सगळ्यांनंतर, वेगळ्या ताटलीत जेवत असेल तर रविवारी रात्री एकाएकी सोफ्यावर कशी बसेल? अवघडलेपणाचा रोग हॉटेलातला नाही. दुसरे म्हणजे, एकत्र बसणे हीच एक बरोबर गोष्ट आहे असा हट्टही नको. ज्यांच्याकडे गाडी आणि ड्रायव्हर आहे, ते ड्रायव्हरला शंभर-दोनशे रुपये देतात आणि सांगतात, दीड तासाने या. तो त्याच्या आवडीच्या टपरीवर, आपल्या नजरेआड, दुसऱ्या ड्रायव्हरांबरोबर हसत खातो. पैसे खरोखर पोटभर जेवण होईल इतके असले, तर त्यात आम्हाला काही कमीपणा दिसत नाही. त्याला निवड मिळाली, वेळ मिळाला. मुलीला दोन्ही मिळत नाही, कारण तिच्या कडेवर बाळ आहे.

आता शुभवर्तमानाकडे वळू. संत लूकच्या सतराव्या अध्यायात शेतावरून दमून आलेल्या चाकराची गोष्ट आहे. धनी त्याला आधी बस, जेव असे म्हणतो का? नाही, आधी माझे जेवण कर, मला वाढ, मग तुझे बघ, असेच म्हणतो. हा उतारा कामाला माणूस ठेवणाऱ्यांना फार सोयीचा वाटतो. पण प्रभू येशू तिथे जगाची रीत सांगतो आहे, आणि आपण सगळे देवापुढे चाकर आहोत हे शिकवण्यासाठी ती वापरतो आहे. त्याच लूकच्या बाराव्या अध्यायात वेगळाच धनी भेटतो. तो रात्री उशिरा घरी येतो, जागे राहिलेले चाकर पाहतो, कंबर बांधतो, त्यांना जेवायला बसवतो आणि स्वतः वाढतो. त्या काळच्या ऐकणाऱ्यांना हे हास्यास्पद वाटले असेल. धनी वाढतो आणि चाकर बसतात! आईला हॉटेलात वाढले जाते तेव्हा याच उलथापालथीची छोटीशी चव आपण घेतो, म्हणूनच ते जेवण गोड लागते.

आणि करिंथ. तिथल्या मंडळीवर संत पौल का चिडला होता ते पुन्हा वाचा, पहिले पत्र, अकरावा अध्याय. भांडण धर्मसिद्धान्ताचे नव्हते, जेवणाचे होते. प्रभुभोजनासाठी सगळे एका घरी जमत. सधन लोक आधी येऊन स्वतःचे जेवून घेत, आणि मागाहून येणारे उपाशी राहत. अभ्यासक सांगतात की त्या काळच्या श्रीमंत घरातल्या भोजनकक्षात जेमतेम नऊ-दहा माणसे मावत, बाकीच्यांना अंगणात जागा. काम संपवून उशिरा येणारे कोण असणार? कामकरी आणि गुलाम. पौल त्यांना म्हणतो की तुम्ही जे करता ते प्रभुभोजनच नव्हे. भाकर तीच, द्राक्षारस तोच, प्रार्थनाही तीच असेल. तरी तो म्हणतो, हे ते नव्हे. कारण मंडळी टेबलावर दुभंगली होती.

आपल्या चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत ती मुलगी उभी असते. कधी मॅडमच्या पुढे, कधी मागे. तिथे तिला कोणी पार्सल देत नाही. त्याच दिवशी रात्री, दीड किलोमीटरवरच्या हॉटेलात, तीच माणसे, तोच रविवार. आम्हाला कोणाला लाजवायचे नाही. पण धर्म सकाळी साडेआठच्या मिस्सापुरता आणि हॉटेल ही खाजगी बाब, असे मानायचे असेल तर करिंथकरांना लिहिलेले ते पत्र नव्या करारातून काढून टाकावे लागेल.

आपल्या गोव्याकडच्या कुटुंबांना भिकाऱ्यांचे जेवण ही प्रथा ठाऊक असेल. लग्नाआधी घरातल्या मृतांच्या स्मरणार्थ गरिबांना बोलावून जेवू घालतात. उरलेसुरले नव्हे, त्यांच्यासाठीच रांधलेले, आणि घरचे लोक स्वतः वाढतात. पैठणच्या एकनाथांची गोष्टही महाराष्ट्रात लहानपणापासून सांगतात, श्राद्धासाठी केलेला स्वयंपाक त्यांनी दाराशी आलेल्या अस्पृश्यांना वाढला आणि ब्राह्मणांसाठी पुन्हा रांधायला लावले. या दोन्हींत क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोण आणि नंतर कोण. पदार्थांची यादी कोणाला आठवत नाही.

व्यवहाराचे सांगायचे तर हा विषय हॉटेलच्या दारात, वहीवाल्यासमोर सुटणार नाही. तिथे ती लाजणार आणि आपण घाईत असणार. तो शनिवारी घरी काढावा. "उद्या आम्ही बाहेर जेवायला जातो आहोत. तू येशील? येणार असशील तर आमच्याबरोबर बसून जेवायचे. नको असेल तर संध्याकाळ तुझी." तिने नको म्हटले तर नको म्हणजे नको, पगार कापायचा नाही आणि आल्यावर तोंड फुगवायचे नाही. कदाचित ती शेजारच्या इमारतीत कामाला असलेल्या गावच्या मैत्रिणीला घेऊन घाटकोपरच्या खाऊगल्लीत जाईल, चायनीज खाईल, आईला फोन लावेल. जेवणाचे पैसे मात्र तिच्या हातात द्यावेत, घरच्या माणसामागे जेवढे खर्च होणार तेवढेच.

आणि तेव्हा हॉटेलात बाळ रडेल. ते रडणारच. डाळ गरम असेल, आईने पहिला घास घेतलेला असेल आणि तिला आज सुट्टी असेल. अशा वेळी बाळाला उचलून बाहेर गाड्या दाखवायला न्यायचे काम बाबांचे.